पाखरीचा अर्धा तास

जंगलखात्यात एकतीस वर्षं नोकरी केली म्हटलं की लोक हमखास वाघाचं विचारतात. वाघ मी पाहिला नाही. बिबट्या दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा त्यानं मला आधी पाहिलं होतं. पण सगळ्यात अवघड बीट कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगतो : सिल्वासातला दमणगंगेच्या काठचा माळ. जेमतेम पंचवीस एकर. जनावर म्हणाल तर ससे आणि मुंगसं. अवघड होती ती माणसं.

मी खानदेशातल्या साक्री तालुक्यातला. भरती होऊन दादरा नगर हवेलीत आलो तेव्हा माझी समजूत अशी होती की वनरक्षक म्हणजे बंदूक. हातात मिळाली काठी, शिट्टी आणि वही. गार्डला एक बीट, म्हणजे राखायचा टापू, नेमून दिलेलं असतं. त्यातली रोपं जगवायची, गुरं-शेळ्या बाहेर ठेवायच्या, सरपणाच्या मोळीत ओलं लाकूड लपवलंय का ते बघायचं, आणि दिवसभरात जे घडलं ते वहीत लिहायचं. यातलं लिहिण्याचं काम सर्वांत जबाबदारीचं, कारण साहेब काही रोज जागेवर येत नाहीत. ते वही वाचतात. वहीत जे असेल तेच घडलेलं असतं.

त्या माळावर खात्यानं खैर आणि शिसवाची रोपं लावली होती. अर्ध्या भागात खडक इतका वर आलेला की तिथं काही जगेना. तो भाग मोकळा पडला आणि सिल्वासातल्या लोकांनी तो बिनबोभाट आपला करून टाकला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या आमलीच्या औद्योगिक वसाहतीत दर महिन्याला नवी शेड उभी राहत होती. खानदेशातून, नाशकाकडून, यूपी-बिहारमधून माणसं येत होती, आणि आठ तास यंत्रापुढे उभं राहिल्यावर त्यांना मोकळा श्वास घ्यायला गावात धड बाग नव्हती की मैदान. मग सगळे माझ्या माळावर. संध्याकाळी कारखान्यातल्या मंडळींचं क्रिकेट. सकाळी टोकरखाड्याच्या कॉलनीतले फिरायला येणारे. रविवारी मुंबईहून सहलीला आलेली कुटुंबं, जी माझ्या दोन वर्षांच्या शिसवांना झोपाळा बांधायची. आणि सोनीबाई नावाची वारली म्हातारी, जिच्या शेळ्या या सगळ्यांच्या आधीपासून तिथं चरत होत्या आणि जिला माळ खात्याचा आहे हे मी दर आठवड्याला नव्यानं समजावत होतो.

पुण्याचा एक इंजिनियर होता. तो गोल्फची एकच काठी घेऊन यायचा आणि रोपांच्या दिशेनं चेंडू मारायचा. ते चेंडू सोनीबाईला सापडायचे. एकदा तिनं पदरातून पाच-सहा चेंडू माझ्यापुढे ओतले आणि विचारलं, "गारड, ही कसली अंडी? दगडावर आपटली तरी फुटत नाय."

अशा त्या माळावर एका सकाळी मी एक माणूस सायकल उलटी करून बसलेला पाहिला. सीट जमिनीवर, चाकं आभाळाकडे, आणि हा हातानं पायडल गरागरा फिरवतोय. एवढ्यात लांबून काहीतरी बदामी रंगाचं जमिनीला चिकटून आलं, सायकलीच्या अलीकडे धुरळा उडाला, आणि धुरळा खाली बसल्यावर दिसलं ते कुत्रं. असं कुत्रं मी जन्मात पाहिलं नव्हतं. लांब पाय, लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. तोंडात सशाचं कातडं.

कातडं पाहिल्यावर माझ्या अंगात कायदा संचारला. मी शिट्टी फुंकत धावलो.

"शिकार करतोस?"

तो माणूस शांतपणे उठला. तिशीपस्तिशीचा, शिडशिडीत, अंगावर सुताच्या कारखान्याचा निळा शर्ट. "न्हाई साहेब. शिकार बंद झाली, मला म्हाईत हाय. पर हिला कोन सांगनार?"

त्याचं नाव नागनाथ. लातूरकडचा. आमलीतल्या सुताच्या कारखान्यात मशीनवर होता. कुत्रीचं नाव पाखरी, जात कारवानी. त्याच्या आज्याच्या वेळेपासून त्यांच्याकडे हीच वेल होती आणि पूर्वी ही कुत्री ससे, हरणं धरत. तिच्या तोंडातलं कातडंही आज्याच्या वेळचं. त्यावरचे केस कधीच गेले होते. पंचनामा करायचा तर ससा कोणत्या सालात मेला तेही लिहावं लागलं असतं, म्हणून मी कातडं जप्त केलं आणि घरी जाऊन चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर नागनाथानं दोरीला आपल्या फाटक्या बनियनचा तुकडा बांधलेला आणि पाखरी त्याच्यामागे तशीच सुटलेली.

तेव्हा मला त्यानं हे शास्त्र शिकवलं. बाकीची कुत्री वासावर चालतात, कारवानी नजरेवर. समोर काही हललं, पळालं, की तिच्या डोळ्यांना दुसरं दिसत नाही. मग तो ससा असो नाहीतर बनियन. सायकलीच्या मागच्या चाकाचा टायर काढायचा, म्हणजे नुसत्या रिंगेवर दोरी गुंडाळली जाते. दोरीचं टोक दोनशे पावलं लांब नेऊन ठेवायचं. इकडून पायडल फिरवलं की तिकडचं फडकं सशासारखं उड्या मारत पळतं. दोरी वळवायला मध्ये दोन खुंट्या ठोकल्या की फडकं वळणंही घेतं. फक्त तिकडच्या टोकाला कुत्री धरून ठेवायला आणि वेळेवर सोडायला दुसरा माणूस लागतो. आत्तापर्यंत तो तिला झुडपाला सैल गाठ मारून बांधत होता.

"पण कशासाठी एवढं?" मी विचारलं.

मग खरं कारण बाहेर आलं. तो डोकमर्डीत एका खोलीत राहत होता. पाखरी दिवसभर खाटेखाली. ही जात पळाली नाही तर बिघडते. घरमालकाच्या तीन कोंबड्या तिनं मारल्या होत्या आणि चौथी मेली तर कुत्री घराबाहेर, असं त्यानं बजावलं होतं. "रोज अर्धा घंटा पळाली की दिवसभर मांजरावानी पडून ऱ्हाती बगा. न्हाई पळाली तर मला तिला गावाकडं लावून द्यावं लागंल. आन् गावाकडं माझं कुनी ऱ्हायलं न्हाई. चुलतभाऊ हाय, तो बांधून घालील."

म्हणजे सगळं त्या अर्ध्या तासावर आलं होतं. माझ्या पंचवीस एकरांतल्या अर्ध्या तासावर.

विरोध झालाच. पुढारी होते आप्पा. नाशकातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, मुलगा इथं औद्योगिक वसाहतीत मॅनेजर, म्हणून टोकरखाड्याला येऊन राहिलेले. फिरायला येणाऱ्यांचे ते आपोआप मॉनिटर झाले होते. मला बोलावून म्हणाले, "गार्ड, ही माणसांनी फिरायची जागा आहे की शिकारखाना? उद्या कुणाला फाडलं तर?"

मी सगळ्यांना बांधावरच्या आंब्याखाली गोळा केलं आणि आमलीहून चहा मागवला. माझा अनुभव असा की चहा हातात असताना माणूस जास्तीत जास्त निम्माच भांडतो. ठरलं ते असं : नागनाथाची पहिली किंवा दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळी सहा ते साडेसहा खडकाळ भाग पाखरीचा. रात्रपाळीच्या आठवड्यात सव्वासात ते पावणेआठ. तेवढा वेळ फिरणाऱ्यांनी बांधावरून फिरायचं, सोनीबाईच्या शेळ्या नदीच्या अंगाला, क्रिकेटवाल्यांचा प्रश्नच नव्हता. आणि पाळ्या लोकांच्या लक्षात राहणार नाहीत, म्हणून एक खूण. मधल्या टेकाडावर उंच बांबू रोवायचा. बांबूवर लाल निशाण चढलं की कुत्री सुटलेली आहे, बांधाच्या खाली उतरायचं नाही. निशाण उतरलं की माळ सगळ्यांचा.

निशाणाची कल्पना माझी. मला तिचा भयंकर अभिमान वाटला. कुत्री धरून सोडायचं कामही मीच पत्करलं. ते माझ्या कामात बसत नव्हतं, आणि म्हणून ते मी कधी वहीत लिहिलं नाही.

लाल कापड मात्र घरात सापडेना. आमची मंडळी माहेरी गेली होती. पेटीत तळाशी एक कोरं लाल कापड होतं, जरीची किनार लावलेलं. आम्ही त्या चैत्रात वणीच्या गडावर देवीला निशाण घेऊन पायी जाणार होतो, पण वणव्यांचे दिवस म्हणून रजा मिळाली नव्हती, आणि कापड तसंच राहिलं होतं. देवीला दुसरं घेऊ, असं स्वतःला सांगून मी ते कापड तिकोनी कापलं. खानदेशातल्या माणसानं असं कापड बांबूवर चढवताना दहा वेळा विचार करायला हवा होता. मी एकदाही केला नाही.

पुढचे आठ-दहा महिने मला अजून आठवतात. इतकी वर्षं झाली, पण पहाटेचं धुकं पाहिलं की माझ्या हाताला पाखरीचा गळपट्टा जाणवतो. नागनाथ तिकडे सायकलीशी बसलेला. मी तिला दोन पायांत धरून गुडघ्यावर. तिच्या अंगातून एक कंप येत राहायचा, भीतीचा नव्हे, आतुरतेचा. फडकं हललं की नागनाथ ओरडायचा, "सोऽड!" आणि माझे हात रिकामे व्हायचे. ती कधी गेली हे कळायचं नाही. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले मी त्या कुत्रीचे पाहिलेत. नोकरीत मला हुद्दा मिळाला, एक-दोन प्रशस्तिपत्रकंही मिळाली, पण "सोड" म्हटल्यावर सोडण्यात जो आनंद होता तो कशात नव्हता.

लोकही बदलले. आधी सगळ्यांना वाटायचं, नागनाथ तिला उपाशी ठेवतो. सोनीबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या बाईला खायाला देत नाय का रं तो?" कॉलनीतल्या बायका पदराखाली पोळ्या आणायच्या. नागनाथ वैतागून म्हणायचा, "वहिनी, उपाशी न्हाई वो ती, कारवानी हाय!" तरी पोळ्या यायच्याच. आणि आप्पा, ते तर बांधावर उभे राहून चक्क घड्याळ लावायचे. खुंट्यांना वळसा घालून पाखरी पोचली की आकडा जाहीर. "आज मंद. रात्री काय घातलंस तिला?" शाळेतल्या निकालासारखे ते आकडे त्यांनी एका डायरीत लिहून ठेवलेले होते. निशाण उतरलं की सगळे खाली यायचे, पाखरी प्रत्येकाच्या गुडघ्यावर तोंड टेकवून पुढं सरकायची, आणि नागनाथ सात वाजताच्या पाळीला सायकल सुलटी करून निघायचा. टायर चढवायला त्याला चार मिनिटं लागत. चौथी कोंबडी मेली नाही.

मग चैत्र आला.

आमलीच्या चाळींमधल्या खानदेशी बायका रविवारी पहाटेच नदीवर धुणं घेऊन जायच्या. त्या आमच्या चहाच्या सभेला नव्हत्या, कारण मी त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांनी काय पाहिलं? चैत्राचा महिना, नदीकाठ, टेकाड, उंच बांबू, आणि त्यावर जरीच्या किनारीचं लाल निशाण. एका सोमवारी मी जाऊन बघतो तर बांबूच्या बुडाशी शेंदूर लावलेले पाच दगड, नारळ, हळदकुंकू. वेळ संपल्यावर मी निशाण उतरवायला हात घातला तर मागून एक बाई कडाडली.

"निशान कसाले उतारतस, भाऊ? मायनं शे ते!"

बोली माझ्याच गावची. म्हणजे निशाण आईचं आहे, हे समजलं नाही असंही म्हणता येईना. ती विमलबाई, पिंपळनेरकडची, नवरा रंगाच्या कारखान्यात. गडावर जायला सुट्टी नाही, म्हणून आईच इथं आली, असं तिनं आणि तिच्याबरोबरच्या दहा जणींनी मनाशी धरलं होतं. मी म्हणालो, "विमलबाई, ते कुत्र्यासाठी लावलेलं निशाण आहे." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दगडांवर आणखी चिमूटभर कुंकू वाहिलं.

घरी मंडळी माहेरहून कधीच परतली होती, पण हे कापड कुठं गेलं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला आता बायकांकडून कळलं. "देवीच्या कापडाचं कुत्र्याला निशाण केलंत? आणि आता तिथं देवी आपल्या पायानं आली, तर उतरवायला निघालात?" त्या दिवसापासून निशाण उतरवण्याची माझी हिंमत होईना. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. कापड देवीचंच होतं, ते मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

मग मी पळवाट काढली. लाल निशाण देवीचं, ते कायम वर. कुत्रीसाठी दुसरा बांबू, त्यावर पांढरं. जे समोर होते त्यांना सांगितलं. फिरणाऱ्यांना, सोनीबाईला, नागनाथाला. वाटलं, झालं काम.

आप्पा तेव्हा पंधरा दिवसांसाठी नाशकाला गेले होते.

ते परत आले आणि शिस्तीचा माणूस, म्हणून बांधावर थांबले. लाल निशाण वर. साडेसहा झाले, पावणेसात झाले, निशाण उतरेना. त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला वणवा अडवायच्या पट्ट्या बघत होतो आणि नागनाथ दोन दिवस सुट्टीवर होता, पाखरी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. बाकीच्यांना वाटलं, पांढऱ्या निशाणाचं आप्पांना कुणीतरी सांगितलं असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनाशी म्हटलं असणार, गार्ड निशाण उतरवायचं विसरतोय, आणि ते सरळ खाली उतरले.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या आठवड्यात वेळ सहा ते साडेसहाचीच. पांढरं निशाण वर होतं. मी पाखरीला धरून गुडघ्यावर होतो. नागनाथ ओरडला आणि मी सोडली. सोडण्याआधी एकदा उजवीकडे बघायचं असतं. मी बघितलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो.

आप्पा खैराच्या झुडपाआडून नेमके दोरीवर आले. पळती दोरी घोट्यात अडकली आणि ते उजव्या हातावर पडले. पाखरी त्यांना शिवलीसुद्धा नाही. फडकं थांबलं तशी ती थांबली, परत आली आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन उभी राहिली. मनगट मोडलं होतं. आप्पा कण्हत होते तरी म्हणाले, "तिला ओरडू नका, दोरी होती." पण बांधावरून जे दिसलं ते एवढंच, की म्हातारा पडलाय आणि शिकारी कुत्री त्याच्या तोंडावर आहे.

मुलानं त्यांना गाडीत घालून आधी वापीला, मग नाशकाला नेलं, आणि जाण्याआधी खात्याकडे तक्रार दिली : सार्वजनिक जागेत शिकारी कुत्र्याला शिकारीचं शिक्षण, वृद्धावर हल्ला. दुपारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब गुजराती, माणूस वाईट नव्हता. माझी परवानगी त्यांना तोंडी ठाऊक होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"टाइम के अंदर छोडा था या बाहर?"

आत म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला : मग देखरेखीला कोण होतं? निशाणं कुणी बदलली? कुत्री कुणी सोडली? माझी बढती तोंडावर होती. एवढं मोठं काही नव्हतं, गार्डचा फॉरेस्टर व्हायचं होतं. पण त्या क्षणी ते मला फार मोठं वाटलं.

मी म्हणालो, "बाहर, साहब."

आणि तसंच वहीत लिहिलं. तारीख, ठिकाण, आणि 'कुत्री नेमून दिलेल्या वेळेबाहेर मोकळी सोडण्यात आली होती.' सोडण्यात आली होती. कुणी सोडली ते त्या वाक्यात यावंच लागत नाही. सरकारी भाषेची ती सोय मी तेव्हा वापरली.

चार दिवसांत हुकूम निघाला. माळावर कुत्रे आणण्यास मनाई. एक प्रत नागनाथाला.

संध्याकाळी तो माझ्या क्वार्टरवर आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा राहिला. कागद त्यानं उघडून माझ्यापुढे धरला.

"साहेब, येळ काय झाली व्हती?"

"सहा वीस."

"आन् नेमल्याली?"

"सहा ते साडेसहा."

तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी काहीतरी बोललो असतो. बढती तोंडावर आलेली, आप्पांचा मुलगा असा, साहेब तसा, माझ्याजवळ पुष्कळ तयार होतं. त्यानं कागद होता तसाच घड्या घालून खिशात ठेवला आणि तो गेला. मंडळीनं आतून सगळं ऐकलं होतं. रात्री तिनं ताट वाढलं आणि मीठ पुरे का एवढंच विचारलं.

पाखरीला पळायला जागा राहिली नाही. आठवडाभर नागनाथ तिला गळपट्टा धरून रस्त्याच्या कडेनं चालवत होता. नवव्या की दहाव्या दिवशी चौथी कोंबडी गेली. सुताची रिळं घेऊन एक ट्रक सोलापूरला निघाला होता, ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा. त्या ट्रकच्या केबिनमध्ये पाखरी गेली. हे मला सोनीबाईनं सांगितलं. तिनं रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं. "काचेतून बघत होती," म्हणाली. "माळाकडंच बघत होती, गारड."

पुढचे पंधरा दिवस मी रोज सहाला माळावर गेलो. बीट माझं होतं, जावंच लागे. लाल निशाण हलत होतं, दगडांवर ताजं कुंकू होतं, आणि मला त्या टेकाडाकडे पाहवत नव्हतं. सोळाव्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, वहीतलं खोटं आहे.

साहेबांनी चष्मा काढला. समजावलं. प्रकरण मिटलंय, म्हातारा बरा आहे, कुत्री गेली, तू कशाला उकरतोस? मी म्हणालो, मला लिहून द्यायचं आहे. "फिर पूरा लिखना पडेगा," ते म्हणाले. मी पूर्ण लिहिलं. कुत्री मी सोडली. न बघता सोडली. निशाण मी बदललं आणि सर्वांना सांगितलं नाही. वेळ सहा वीस होती. पहिला अहवाल स्वतःला वाचवण्यासाठी दिला. या वेळी प्रत्येक वाक्यात कर्ता घातला.

माझी बढती गेली, ती पुढं सहा वर्षांनी आली. बदली खानवेलच्या आतल्या बीटवर झाली. ते योग्यच होतं. पण साहेबांनी एक गोष्ट केली ज्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. त्यांनी मनाईचा हुकूम मागे घेतला. नवीन कागद काढला : देखरेखीखाली सकाळी सहा ते साडेसहा कुत्र्यांना फिरवण्यास व पळवण्यास मुभा. तशी पाटी जागेवर लावावी.

तो कागद घेऊन मी कारखान्याच्या फाटकावर गेलो. दुपारी तीनला पहिली पाळी सुटते. नागनाथ बाहेर आला, मला पाहून थांबला. मी कागद पुढं केला. त्यानं उभ्याउभ्या तो शेवटपर्यंत वाचला, खालच्या सहीसकट.

"आणतोस का तिला परत?" मी विचारलं.

"चुलतभावाचं पत्र आलं व्हतं," तो म्हणाला. "बांधून घातली व्हती. दावं तोडून गेली. आठ रोज झाले. सापडली न्हाई." मग कागद माझ्या हातात देत म्हणाला, "पाटी लावा साहेब. दुसऱ्या कुनाचं कुत्रं असंल."

एवढंच. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. सायकलीवर टांग टाकून तो डोकमर्डीच्या रस्त्याला लागला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

खानवेलला रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी पाटी तयार केली. गुजराती, हिंदी आणि मराठी, तिन्ही भाषांतली अक्षरं माझ्याच हातची. पहाटे बांधाजवळ खड्डा खणून ती रोवत होतो तेव्हा फिरणारी मंडळी जमू लागली. आप्पा नाशकाहून परतले होते, हात प्लास्टरमध्ये. माझ्या दुसऱ्या अहवालाचं मुलाकडून त्यांना कळलं होतं. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि बांधावर उभे राहिले. बाकीचेही राहिले. सोनीबाईनं शेळ्या नदीच्या अंगाला वळवल्या. पाखरी नाही, नागनाथ नाही, सायकल नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी खाली कुणी उतरलं नाही. कुणी कुणाला थांबा म्हटलं नाही. पंधरा-वीस माणसं त्या मोकळ्या खडकाकडे बघत अर्धा तास उभी होती.

साडेसहा झाल्यावर आप्पा म्हणाले, "चला."

एकतीस वर्षांत मी घालून दिलेला नियम इतक्या मनापासून कुणी पाळला नाही. आणि तो ज्यांनी पाळला त्यांच्यात उभं राहण्याची त्या दिवशी माझी लायकी नव्हती, म्हणून मी कुदळ उचलली आणि दुसऱ्या वाटेनं घरी गेलो.